रीडिंग

अठरा हजार पाचशे.
याच्या वर एक रुपया नाही, असं हेमांगीला सांगूनच
जांभळी नाक्याला उतरलो.
भिशीचे बारा, बोनसमधले उरलेले साडेसहा,
पाकिटाला रबर बँड.

आधी गोखले रोडच्या काचेच्या दुकानात जाऊन आलो होतो.
टाय लावलेल्या पोराने
नवा कोरा डीएसएलआर माझ्या हातात दिला,
पट्टा मात्र स्वतःच्या मुठीत ठेवला.
मेगापिक्सेल म्हणाला, वायफाय म्हणाला,
महिन्याला फक्त दोन हजार आठशे म्हणाला.
हा ‘फक्त’ मी रोज ऐकतो
दारात बिल घेऊन उभ्या माणसांकडून:
‘फक्त दोन पंखे आहेत हो आमच्याकडे!’

मी मीटर वाचतो.
सोळा वर्षं. कोपरी, चेंदणी, खारकर आळी.
जिन्याखाली, चपलांच्या रॅकमागे,
एका घरी तर देव्हाऱ्याच्या वर,
आकडा जिथे लपेल तिथे वाकून
ऑफिसच्या फोनने फोटो काढतो.
दिवसाला दोनशे.
ठाण्यात माझ्याइतके फोटो कुणी काढले नसतील,
आणि एकातही माणूस नाही.
एकदा मीटरच्या काचेत माझीच टोपी आली होती.
साहेबांनी फोटो रिजेक्ट केला.

टिपणीसांचा स्टुडिओ भुसार दुकानाच्या वर.
‘आडनावच असं, दुसरा धंदा काय करणार?’
असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे म्हणे.
मला नाही सांगितलं.
मखमलीच्या तुकड्यावर कॅमेरा.
अंगठ्याखालचं रबर झिजून गुळगुळीत,
बॅटरीच्या दाराला चिकटपट्टी.
लॅपटॉपला वायर लावून म्हणाले, बघा,
त्रेसष्ट हजार चारशे दहा.
इतक्या वेळा शटर पडलंय. लाखापर्यंत मरण नाही.
मी डावीकडून एकेक आकडा बोटाने वाचला, सवयीने.
बरं वाटलं.
मेगापिक्सेलचं मला काही कळत नाही, पण
किती चाललंय आणि किती उरलंय, हे कळतं.

‘बॉडी जुनी होतेच,’ ते म्हणाले,
‘पैसे काचेत घाला. ही पन्नासची.
झूम नाही हिला.
जवळ जायचं तर पायांनी जायचं.’
पायांनी जाणं मला जमतं.

ते एकवीस म्हणाले.
मी अठरा म्हणालो, पाचशे मागे ठेवून.
मग कुणीच काही बोलेना.
मी उगाच वर बघितलं तर
दारावर मीटर,
आणि मला तो आठवला.
माणसं आठवत नाहीत मला, मीटर आठवतात.
लग्नसराईत तीनशे दहा युनिट:
दिवे, एसी, प्रिंटर.
मग एकशे चाळीस.
मग बासष्ट.
गेल्या महिन्यात एकोणीस.
एकोणीस म्हणजे एक ट्यूब, एक पंखा
आणि खाली बसलेला एक माणूस.
दोन वर्षं मी हा स्टुडिओ बंद होताना वाचत होतो,
फोटोसकट ऑफिसला पाठवत होतो.

साडेअठरा दिले.
मागे ठेवलेले पाचशे
मोठं मन केल्यासारखे काढले,
तेही त्यांना कळलं असणार.
चार्जर शोधायला त्यांनी चार ड्रॉवर उघडले.
‘तोवर एक काढून तर बघा.’

कॅमेरा डोळ्याला लावला
आणि सोळा वर्षांची मान जाऊन जाऊन जाणार कुठे,
सरळ मीटरच धरला.
धूसर.
‘दोन पावलं मागे,’ टिपणीस पाठमोरेच म्हणाले.
गेलो. दाबलं.

आकडे इतके स्वच्छ, की
लाल दिव्यावरची धूळ मोजून घ्यावी.
आणि खालच्या कोपऱ्यात, न विचारता आलेला,
चार्जर पुढे केलेला एक हात,
मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा,
घड्याळ नाही.

ऑफिसात असला फोटो चालत नाही.
मी ठेवला.